अकरावी-बारावी सायन्स आणि नीट : वाचलेलं लक्षात ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज, क्लास, जर्नलं आणि दर रविवारची टेस्ट यांत अडकलेली मुलं आणि त्यांचे पालक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. हवा तो प्रश्न काढून वाचा. उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्गात कळतं, घरी वाचतानाही कळतं. आठवड्याने मात्र काहीच आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. कळणं हे एक काम आणि आठवणं हे दुसरं, आणि सराव होतो तो पहिल्याचाच. पान समोर असलं की सगळं ओळखीचं दिसतं आणि त्या ओळखीलाच आपण "येतं" म्हणतो. परीक्षेत पान समोर नसतं.

विसरणं सगळ्यांनाच लागू आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच जातो आणि मग गळती मंदावते. त्याने अर्थहीन अक्षरगट पाठ केले होते. समजून वाचलेला धडा जास्त टिकतो, पण तोही उतरणीलाच लागलेला असतो. खात्री करायची असेल तर काल वाचलेल्या एका टॉपिकवर पुस्तक न उघडता पाच वाक्यं लिहा. दुसऱ्याच वाक्याला अडलात तर काल नुसतं वाचन झालं होतं.

२. मी प्रत्येक धडा चार-चार वेळा वाचतो. ते चुकीचं आहे का?

पहिलं वाचन हवंच, आणि धडा अवघड असेल तर दुसरंही. तिसऱ्यापासून हाती फारसं लागत नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१.

यातला पाच मिनिटांचा आकडाच फसवतो. चौथ्यांदा वाचून झाल्यावर "आता पक्कं झालं" असं वाटतं आणि त्या क्षणी ते खरंही असतं.

३. "न बघता लिहा" म्हणजे नक्की काय आणि कसं करायचं?

मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनमध्ये लघवी तीव्र कशी होते, हा भाग घ्या. एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, अर्ध्या तासाने कोरा कागद घ्या, दहा मिनिटांचं घड्याळ लावा. आधी आकृती काढा : हेन्ले लूपची उतरती बाजू म्हणजे डिसेंडिंग लिंब, चढती बाजू म्हणजे असेंडिंग लिंब, शेजारी व्हासा रेक्टा या रक्तवाहिन्या, कलेक्टिंग डक्ट. मग बाण. डिसेंडिंगमधून पाणी बाहेर जातं, क्षार जवळपास जात नाहीत. असेंडिंगमध्ये नेमकं उलट. मग आकडे : कॉर्टेक्सकडे ३००, मेड्युलाच्या आतल्या टोकाला १२०० मिलिऑस्मोल प्रति लिटर. शेवटी एक "का" : असेंडिंगमधून पाणीही बाहेर गेलं असतं तर काय बिघडलं असतं?

अडलात की लगेच पुस्तक उघडू नका. अर्धा-एक मिनिट झटापट करा, जागा मोकळी सोडा, पुढे जा. वेळ संपल्यावर पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या उजळणीला सुरुवात त्या लाल भागापासून करायची.

इथे दोन गोष्टी नेहमी बिघडतात. काही मुलं वाचून संपताच लिहायला बसतात. तेव्हा सगळं ताजं असतं, त्यामुळे कस लागत नाही. मध्ये दुसऱ्या विषयाचा अर्धा तास जाऊ द्या. आणि काही मुलं लाल दुरुस्ती करायचा कंटाळा करतात. मग चूकच पाठ होते, आणि ती पुसणं नवं शिकण्याहून जास्त वेळ खातं.

४. एकदा केलेल्या टॉपिकची उजळणी किती दिवसांनी करायची?

कामचलाऊ वेळापत्रक असं : त्याच रात्री, तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने. पुढे दर महिन्या-दीड महिन्याला टेस्टच्या निमित्ताने होतेच. परीक्षा जितकी लांब, तितकं उजळण्यांमधलं अंतर मोठं ठेवलेलं चालतं. आठवड्यावर टेस्ट असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर बरं, वर्षाने आठवायचं असेल तर तीन-चार आठवड्यांचं. तिसऱ्याऐवजी चौथा दिवस झाला म्हणून काही बिघडत नाही. पण चारही उजळण्या एकाच रविवारी उरकल्या तर त्यांची किंमत जेमतेम एकीची होते.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचन नव्हे. प्रश्न ३ मधलं काम छोट्या रूपात, प्रत्येक टॉपिकला सात-आठ मिनिटं.

५. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री मॉड्यूल. उजळणीला वेळ आणायचा कुठून?

आधी हिशोब मांडू. रोज तीन नवे टॉपिक, प्रत्येकाच्या चार उजळण्या. गाडी रुळावर आली की रोज बारा उजळण्या पडतात. आठ मिनिटांच्या हिशोबाने ९६ मिनिटं. हा वेळ दिवसात कुठे पडून नाही. तो दुसऱ्या कशातून तरी कापावाच लागतो, आणि "उजळणी नंतर बघू" म्हणणाऱ्यांचं गणित इथेच फसतं.

कापायला सगळ्यात सोपं म्हणजे नोट्स फेअर करणं. चार रंगांच्या पेनांनी उतरवलेल्या नोट्स दिसायला छान असतात, पण त्या डोक्यात न जाता हातातून परस्पर कागदावर गेलेल्या असतात. वर्गातली कच्ची वहीच ठेवा आणि समासात प्रश्न लिहा. दुसरं, वर्गात शिकवलेलाच टॉपिक रात्री यूट्यूबवर पुन्हा बघणं. जिथे खरंच अडलं आहे तेवढीच दहा मिनिटं बघा. तिसरं, मॉड्यूलचे शंभर प्रश्न त्याच दिवशी संपवायचा हट्ट. त्या दिवशी चाळीस सोडवा, वीस तिसऱ्या दिवशी, वीस दहाव्या दिवशी, उरलेले महिन्याने. प्रश्न तेवढेच, कष्ट तेवढेच, आणि उजळणी त्यातच होऊन जाते. क्लासला रोज मॉड्यूल दाखवावं लागत असेल तर सरांशी आधीच बोलून घ्या.

प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच संध्याकाळी लिहा. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात सात-आठ प्रयोग एकदम उतरवले की तो आठवडा उजळणीतून गेलाच.

६. फ्लॅशकार्ड किंवा अँकी वापरावं का?

सुट्या माहितीसाठी जरूर. फ्लॅशकार्ड म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेलं कार्ड, आणि अँकी म्हणजे अशी कार्डं ठरावीक अंतराने विचारणारं अ‍ॅप. संप्रेरकं आणि त्यांच्या ग्रंथी, उदाहरणं आणि त्यांचे वर्ग, अभिक्रियांचे अभिकर्मक, एककं. अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकतचं. मोबाइल हातात आला की अभ्यास बाजूला पडतो असं ज्यांना माहीत आहे त्यांनी कागदी कार्डं आणि चपलांच्या खोक्याचे पाच कप्पे वापरावेत. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, असं.

एका कार्डावर एकच गोष्ट. "नेफ्रॉनची रचना सांगा" हे कार्ड नव्हे, तो पाच मार्कांचा प्रश्न झाला. "हेन्ले लूपच्या कोणत्या भागातून पाणी बाहेर पडू शकत नाही?" हे कार्ड. आकृत्यांसाठी अँकीत एक-एक नाव झाकायची सोय आहे, बायोलॉजीला ती फार कामाची.

रोज पंधरा-वीसच्या वर नवी कार्डं घालू नका. वीस म्हटली तरी काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशे कार्डांच्या घरात जाते. पहिल्या उत्साहात शंभर-शंभर घालणारे महिनाभरात अ‍ॅप काढून टाकतात. दुसऱ्यांनी बनवलेले हजारो कार्डांचे तयार संचही टाळा. कार्ड बनवताना धड्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवावं लागतं, आणि अर्धा अभ्यास तिथेच होतो.

७. फिजिक्सची सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी गणित सुटत नाही. सूत्रांची कार्डं करू का?

करा, पण तुमचा अडसर वेगळा आहे. कोणतं सूत्र कुठे लावायचं हे ओळखण्याचा सराव झालेला नाही, कारण धड्याखालची गणितं सोडवताना सूत्र आधीच माहीत असतं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळांवर हे तपासलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने मिसळून. सरावात सलगवाले ८९ टक्के बरोबर होते, मिसळवाले ६०. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३.

म्हणून आठवड्यातून दोनदा तीन-चार जुन्या धड्यांतली पंधरा गणितं मिसळून घ्या आणि पहिल्या फेरीत सोडवूच नका. प्रत्येकाशेजारी फक्त लिहा : काय स्थिर आहे, कोणता नियम लागतो, का. कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिक सरकवलं, ऊर्जेचं काय होईल? बॅटरी जोडलेली असेल तर व्होल्टेज स्थिर, चार्ज वाढतो, साठलेली ऊर्जा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटच्या पटीत वाढते. बॅटरी आधी काढली असेल तर चार्ज स्थिर, व्होल्टेज घटतं आणि ऊर्जा तेवढ्याच पटीत कमी होते. सूत्रं दोन्हीकडे तीच आहेत. "बॅटरी काढली" हे दोन शब्द घाईत निसटले की उत्तर उलटं येतं, आणि पर्यायांत ते उलटं उत्तर हमखास बसलेलं असतं.

८. इनऑरगॅनिकचे अपवाद काही केल्या राहत नाहीत.

नुसती यादी राहणार नाहीच. अपवादाशेजारी कारण लिहा. नायट्रोजनची पहिली आयनीकरण ऊर्जा १४०२ किलोजूल प्रति मोल, ऑक्सिजनची १३१४. पीरियडमध्ये पुढे गेलं की वाढायला हवी होती, तर घटली. नायट्रोजनचं पी उपकवच अर्धं भरलेलं आणि स्थिर, ऑक्सिजनमध्ये चौथा इलेक्ट्रॉन जोडीने बसतो आणि त्या जोडीतल्या प्रतिकर्षणामुळे सहज निघतो. बेरिलियमपेक्षा बोरॉनची कमी, तिथे कारण वेगळं : बोरॉनचा इलेक्ट्रॉन टू-पीमधून निघतो, बेरिलियमचा टू-एसमधून. फ्लोरिनपेक्षा क्लोरिनची इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी जास्त ऋण, कारण फ्लोरिनचा अणू इतका लहान की आलेल्या इलेक्ट्रॉनला आतली गर्दी ढकलते.

कार्डावर प्रश्न "कोणाची जास्त, आणि का?" असाच हवा. "का" आलं नाही तर कार्ड चुकलं धरा. रंग, अयस्कं, मिश्रधातूंतले घटक यांना कारण नसतं किंवा आपल्या कामाचं नसतं. ती सरळ प्रश्न ६ च्या पद्धतीने पाठ करा.

९. ऑरगॅनिकच्या नेम रिअ‍ॅक्शन एकमेकींत मिसळतात. काय करावं?

मिसळणाऱ्या दोन शेजारी ठेवून फरकाचा एकच प्रश्न शोधा. अल्डोल की कॅनिझारो? अल्फा हायड्रोजन, म्हणजे कार्बोनिल गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, आहे का ते बघा. असिटाल्डिहाइडला आहे, सौम्य अल्कलीत अल्डोल. फॉर्माल्डिहाइडला आणि बेंझाल्डिहाइडला नाही, तीव्र अल्कलीत कॅनिझारो. शिवाय प्रत्येक अभिक्रिया तीन बाजूंनी विचारा : अभिकर्मक झाकून, उत्पादित झाकून, सुरुवातीचा पदार्थ झाकून. बहुतेकांची तिसरी बाजू कच्ची असते आणि कन्व्हर्जनचे प्रश्न तिथेच अडतात.

१०. बायोलॉजीसाठी एनसीईआरटी ओळ न ओळ पाठ करायची का?

नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण, आणि त्यांतले बरेचसे एनसीईआरटीच्या वाक्यांवर बेतलेले असतात. म्हणून पुस्तक बारकाईने हवंच. पण वाक्य पाठ करून भागत नाही, कारण विधानांच्या प्रश्नात तेच वाक्य एक शब्द बदलून येतं. "क्रॉसिंग ओव्हर पॅकिटीनमध्ये होतं" ही ओळ शंभरदा वाचलेला मुलगा "झायगोटीनमध्ये" वाचूनही पुढे सरकतो, कारण बाकी सगळं ओळखीचं असतं.

स्वतः विधानं बिघडवा. एका पानावरची पाच वाक्यं घ्या, त्यांतल्या तीन वाक्यांत एक-एक शब्द बदला, कागद बाजूला ठेवा आणि तीन दिवसांनी चुका शोधा. मित्राशी अदलाबदल केली तर आणखी चांगलं. आकृत्यांखालच्या ओळी आणि तक्ते मुलं गाळतात, ते मुद्दाम घ्या.

११. बोर्डासाठी बालभारती आणि नीटसाठी एनसीईआरटी, दोन्ही डोक्यात कसं ठेवू?

संकल्पना एकदाच शिका, बाहेर काढायचा सराव दोन प्रकारे करा. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, ३० प्रॅक्टिकलचे. तिथे व्याख्या, आकृती, सिद्धता पूर्ण लिहाव्या लागतात. प्रश्न ३ मधला कोरा कागद बोर्डाच्याच कामाचा आहे. त्यानंतर त्याच टॉपिकचे वीस बहुपर्यायी प्रश्न सोडवले की नीटची बाजू झाली. आधी बालभारती वाचून, मग एनसीईआरटीत जे जास्तीचं किंवा वेगळं आहे ते त्याच वहीत वेगळ्या रंगाने लिहा. दोन स्वतंत्र वह्या केल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

आकडे जुळत नसतील तर ज्या परीक्षेला बसलात तिचं पुस्तक खरं. एका ग्लुकोजमागे एटीपी किती, याला एनसीईआरटी हिशोबाने ३८ म्हणतं आणि आजचं जैवरसायनशास्त्र ३० ते ३२ सांगतं. नीटला ३८ धरा आणि फरक का पडतो ते मेडिकलच्या पहिल्या वर्षासाठी ठेवा.

बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, नीट साधारण मेच्या सुरुवातीला. जानेवारीपासून बोर्ड संपेपर्यंत नीटचं नवं काही घेऊ नका, पण प्रश्न ६ मधली कार्डं आणि रोजचे तीस बहुपर्यायी प्रश्न थांबवू नका.

१२. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीत वाचलेलं राहतच नाही.

विचार मराठीत करा, नावं इंग्रजी ठेवा. "डिसेंडिंग लिंबमधून पाणी बाहेर पडतं म्हणून आतलं द्रावण घट्ट होत जातं" असं स्वतःला मोठ्याने सांगितलं तरी चालतं, किंबहुना तेच जास्त टिकतं. इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी घोकली की एक शब्द अडताच पुढचं सगळं अडतं. बोर्डाला इंग्रजीतच लिहायचं असेल तर आठवड्यातून दोन उत्तरं पूर्ण इंग्रजीत लिहून तपासून घ्या.

नीटचा पेपर मराठीतही घेता येतो. त्या पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही असतो आणि भाषांतरात तफावत आढळली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरतात. पण दोन वर्षं इंग्रजी नावांनी शिकून ऐन परीक्षेत मराठी पारिभाषिक शब्दांशी पहिली भेट नको. मराठी निवडायचं तर मागचे किमान चार-पाच पेपर मराठीत सोडवून मगच फॉर्म भरा.

१३. बारावी अर्धी झाली आणि अकरावीचं सगळं गेलं. पहिल्या धड्यापासून वाचू का?

नको. तिसऱ्या धड्यापर्यंत उत्साह संपतो. आधी धड्यावार मागच्या वर्षांचे दहा-दहा प्रश्न धडा न वाचता सोडवा. सात किंवा जास्त बरोबर असतील तो धडा थेट प्रश्न ४ च्या वेळापत्रकात टाका. चार ते सहा असतील तर चुकलेलेच भाग वाचा. तीन किंवा कमी आले तेच धडे नव्याने करा.

क्रम ठरवताना बारावीचं काय अडतं ते बघा. मायोसिस कच्चं असेल तर मेंडेल समजत नाही, जनरल ऑरगॅनिक कच्चं असेल तर अल्डिहाइड-कीटोन. मोल संकल्पना तर सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स सगळीकडे लागते. फिजिक्समध्ये आधी व्हेक्टर आणि ग्राफ.

१४. टेस्टमध्ये येत असलेलं चुकतं. त्याला विसरणं म्हणायचं का?

चुकांचे तीन गट करा : मुळात माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आठवलं पण प्रश्न चुकीचा वाचला. पहिल्या गटाला वाचन लागतं, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला सावकाश वाचण्याचा सराव. तिन्हींना "सिली मिस्टेक" म्हणून सोडून दिलं की पुढच्या रविवारी त्याच चुका परत येतात. नीटमध्ये २०२५ पासून सोडून देता येणारे ऐच्छिक प्रश्न गेले, १८० प्रश्न १८० मिनिटांत, बरोबरला चार आणि चुकीला वजा एक. अर्धवट आठवणीवर ठोकलेल्या उत्तराशेजारी टेस्टमध्येच खूण करा आणि ते बरोबर आलं तरी दुसऱ्या गटात टाका.

१५. आजारपणात पंधरा दिवस गेले. उजळणीचा डोंगर साचला आहे.

सगळं भरून काढायला बसू नका. चार-पाच दिवस नवे टॉपिक अर्धे करा. साचलेल्यांपैकी ज्यांची पहिली किंवा दुसरी उजळणी बाकी आहे ते आधी घ्या, कारण गळती तिथे वेगाने होते (प्रश्न १). महिन्याच्या उजळणीवाले टॉपिक आणखी दहा दिवस थांबले तरी चालतं. अँकीत चारशे कार्डं साचली असतील तर नवी बंद करून रोज शंभर उरका.

१६. परीक्षा जवळ आली की रात्री दोनपर्यंत जागावं लागतं. चालेल ना?

चालत नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप सुचवली जाते. आठ जमत नसतील तर सात तरी घ्या आणि उजळणीतून नव्हे, प्रश्न ५ मधल्या गोष्टींतून कापा.

१७. मी रिपीटर आहे. सगळं दोनदा झालं आहे, तरी गुण तिथेच आहेत.

रिपीटरला ओळखीचा धोका सगळ्यात जास्त, कारण प्रत्येक पान पाहिलेलं असतं. वर्षाची सुरुवात लेक्चरने न करता प्रश्न १३ मधल्या चाचणीने करा, सगळ्या धड्यांची, साधारण पंधरा दिवसांत. क्लास पुन्हा पहिल्यापासून शिकवत असेल तर तुम्हाला येणाऱ्या टॉपिकच्या तासाला आधी कोऱ्या कागदावर लिहून जा आणि सर सांगतील त्यातलं आपल्या कागदावर नसलेलं तेवढंच टिपा.

१८. आम्ही पालक. सायन्स आम्हाला येत नाही. मदत कशी करू?

कार्ड हातात धरून प्रश्न वाचायला सायन्स यावं लागत नाही, मागे उत्तर लिहिलेलं असतं. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, वीस कार्डं. मुलगी अडली तर लगेच उत्तर सांगू नका, थोडं थांबा. आणि किती आली, किती चुकली याचा हिशोब नातेवाइकांसमोर काढू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून ती फक्त येणारीच कार्डं तुमच्या हातात देईल.